ता अजून झाड आसा

मी टर्नर. आयटीआयचा टर्नर ट्रेडचा दाखला घेऊन चिंचवडच्या एका कारखान्यात लागलो आणि उमेदीची सगळी वर्षं लेथपुढे उभं राहून काढली. लोखंडी गज चकमध्ये धरायचा, टूल पोस्टमध्ये टूल आवळायचं आणि हँडव्हीलवरची एकेक रेघ मोजत माप गाठायचं. ड्रॉइंगवर वीस मायक्रॉनची सूट असेल तर वीसच. त्यापुढे जॉब भंगारात. हे सांगतोय ते मी कोणत्या समजुतीनं लाकडाकडे गेलो ते कळावं म्हणून. आपण लोखंड कातलंय, लाकूड म्हणजे मऊ माल, त्यात शिकायचं काय, अशी ती समजूत होती. ज्यांनी ती काढली, आणि तीही मला न दुखावता, त्यांचं देणं माझ्या डोक्यावर आहे.

ते माझ्या बायकोचे मामा. सावंतवाडीजवळच्या एका गावात कातकाम करतात. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि रंगीत फळं चितारआळीतल्या दुकानांतून घरोघर गेलेली आहेत, पण दुकानात मांडलेला तो लाकडी आंबा रंगाआधी कोणीतरी कातलेला असतो, हे आपल्या मनात येत नाही. मामा त्या कातणाऱ्यांपैकी. लाटणी, पाळण्याचे खांब, भातुकली, भोवरे, मागणी असेल ते. त्यांच्या वडिलांच्या काळी दांडीला दोरी गुंडाळून एकानं ती मागे-पुढे ओढायची आणि दुसऱ्यानं कातायचं, असं काम चाले. माझी बायको लहानपणी सुट्टीत ती दोरी ओढायला बसायची. लाकूड एकदा पुढे फिरणार, एकदा मागे. हत्यार पुढच्या फेऱ्यातच लावायचं आणि मागच्या फेऱ्यात उचलायचं. हे तिनं मला लग्नानंतर सांगितलं तेव्हा मी हसलो होतो.

सासुरवाडीला गेलो की मामांच्या पडवीत मी डोकावत असे. आता मोटार आली होती, पण खालचा सांगाडा लाकडीच. बेअरिंग वाजायचं. मी मनातल्या मनात त्या यंत्राचा रनआउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, किती असेल याचा हिशेब करायचो आणि चहा पिऊन निघायचो. मामा कधी काही म्हणाले नाहीत. जावई माणूस, कारखान्यात मोठ्या यंत्रांवर काम करतो, याचं त्यांना कौतुकच होतं. त्या कौतुकाची आज लाज वाटते.

पुढे कारखान्यात सीएनसी यंत्रं आली. आम्हाला रीतसर ट्रेनिंग मिळालं, पगारही वाढला, तेव्हा तक्रारीला जागा नाही. पण काचेच्या दारामागे टूल आपोआप फिरायचं आणि मी बटण दाबून जॉब काढायचो. जुने लेथ एकेक करून विकले गेले. शेवटी स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, तिच्यात माझंही नाव होतं. घरी बसल्यावर काय करायचं ते कळेना. सकाळी उठून मी बायकोचा मिक्सर, कुकरची शिटी, जे सापडेल ते खोलून बसत असे. ती म्हणायची, "अहो, चालू असलेल्या वस्तू तरी सोडा."

मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून गेलं. घरांची छपरं उडाली, विजेचे खांब पडले, आंब्या-फणसाची किती झाडं आडवी झाली त्याला गणती नाही. बायकोच्या माहेरच्या परसातला जुना फणस त्यात गेला. कोरोनाचे निर्बंध उठल्यावर आम्ही गेलो, तेव्हा मामांनी त्याचे ओंडके करून दोन्ही टोकांना शेणमाती लिंपून ठेवलेले होते. ओल्या लाकडातलं पाणी टोकांवाटे फार लवकर निघून जातं आणि तिथून चिरा पडत आत शिरतात. लिंपण ती घाई थोपवतं. फणसाचं लाकूड ताजं कापलं की हळदीसारखं पिवळं असतं, वर्षं जातील तसं तपकिरी होतं. कोकणात घराचे खांब, दारं, पाट त्याचे करतात. सासूबाईंची इच्छा एवढीच होती की झाडाचं काही तरी घरात राहावं. मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "तू कर मां वाडगो."

मी व्हर्निअर सोबत नेला होता. हे लिहितानाही कानकोंडं व्हायला होतं.

धातूच्या लेथवर टूल यंत्र धरून ठेवतं. इथे यंत्र फक्त लाकूड फिरवतं. टूल आपल्या हातात. पुढे एक लोखंडी टेकू असतो, त्यावर गोल पटाशी टेकवायची. वाडग्याचं लाकूड चकतीवर असं बसवलेलं असतं की त्याच्या रेषा आसाला आडव्या जातात. त्यामुळे एका फेऱ्यात हत्यारापुढे दोनदा रेषांची अंगं येतात आणि दोनदा रेषांची टोकं. मऊ, कठीण, मऊ, कठीण, असं मिनिटाला शेकडो वेळा. लोखंडाच्या गजात असं काही नसतं, तो सगळीकडून सारखाच. मी धार सरळ लाकडाला भिडवली. ती आत घुसली, धाडकन आवाज झाला, लाकूड स्क्रूंसकट चकतीवरून उपटलं गेलं आणि पडवीचं एक कौल घेऊन खाली आलं. मामांनी मोटार बंद केली. आधी मला नीट बघितलं, मग कौल.

"आदी टेकव, मगे काप," ते म्हणाले.

पटाशीच्या धारेमागे घासून केलेली एक उतरती बाजू असते. ती पाठ आधी फिरत्या लाकडावर टेकवायची. तेव्हा काहीच कापलं जात नाही, नुसती घसट लागते. मग मूठ हळूहळू वर उचलायची. एका क्षणी धार लाकडाला लागते आणि बारीक साल निघू लागते. पाठ टेकलेली असते तोवर धार हवी त्याहून खोल जाऊच शकत नाही. पाठ सुटली की ती घुसते. सांगायला हे चार वाक्यांत संपलं. हातात यायला किती वेळ लागला ते मामांनाच माहीत, कारण तो सगळा वेळ ते माझ्या डाव्या खांद्यामागे उभे होते. त्यांच्या गिऱ्हाइकांची लाटणी तशीच पडून होती. मी दात आवळून पटाशी धरायचो, तसा मागून आवाज यायचा, "खांदो ढिलो सोड. हातान नाय, आंगान फिरव." म्हणजे मूठ कमरेशी धरायची आणि पाय न हलवता सगळं अंग एका बाजूकडून दुसरीकडे झुकवायचं. तसं केलं की वाडग्याची बाहेरची वळणरेघ एका ओघात उतरते. नुसत्या मनगटानं केलं तर तीत खळगे पडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण बोट फिरवलं की लागतात.

दिशेचंही तसंच. बाहेरून कातताना बुडाकडून काठाकडे यायचं, आतून कातताना काठाकडून मध्याकडे जायचं. असं का, हे मी विचारलं. मामांनी एक फुटका तुकडा उचलून त्याच्या रेषा दाखवल्या. या दिशेनं गेलं की कापल्या जाणाऱ्या प्रत्येक रेषेला खालून दुसरीचा आधार असतो. उलट गेलं तर आधार नसतो, रेषा कापली न जाता उचकटली जाते आणि तिथे केसाळ ओरखडा राहतो. पुढे माझ्या मुलानं मला रिचर्ड रॅफन यांचं 1985 साली निघालेलं 'टर्निंग वुड' हे पुस्तक आणून दिलं. रॅफन इंग्लंडचे, नंतर ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले. पुस्तकात आकृत्यांसह हेच होतं. ते वाचून मी मामांना फोन केला आणि सांगितलं, की तुम्ही सांगता ते पुस्तकातही आहे. ते म्हणाले, "आसतलाच." त्यांना त्यात नवल वाटलं नाही.

दिवाळीच्या सुमारास माझा पहिला वाडगा झाला. दहा इंची, काठ पातळ, बाहेरून गुळगुळीत. मी तो पेपरात गुंडाळून चिंचवडला आणला आणि टीव्हीशेजारी ठेवला. मामांनी निघताना इतकंच विचारलं होतं, "आताच नेतंस?" मी हो म्हणालो. त्यांनी पुढे काही म्हटलं नाही. जावयाला नको म्हणवलं नसेल. थंडीच्या कोरड्या हवेत काही दिवसांतच वाडगा लांबट झाला, टेबलावर डुगडुगू लागला आणि एका रात्री टिचल्याचा आवाज आला. सकाळी पाहिलं तर काठापासून बुडापर्यंत चीर.

मला लोखंडाचं प्रसरण पाठ होतं. शंभर मिलिमीटर पोलाद दहा अंशांनी तापलं की बारा मायक्रॉन वाढतं. आम्ही त्याचाही हिशेब धरायचो. लाकडाच्या बाबतीत गोष्ट मायक्रॉनची नाही, मिलिमीटरची आहे. ओलं लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आकसत नाही, पण रुंदीत आकसतं. आणि वाढीच्या वलयांच्या कडेकडेनं जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्याकडून सालीकडे आकसतं. म्हणून गोल वाडगा गोल राहूच शकत नाही. त्यातून माझा काठ पातळ होता आणि बूड जाड. काठ आधी वाळून आवळला, बूड ओलंच राहिलं, आणि दोघांच्या ओढाताणीत तो फाटला.

तुटका वाडगा घेऊन मी पुन्हा गेलो. मामांनी तो हातात घेतला, चिरेतून बोट फिरवलं आणि म्हणाले, "तुझा माप कागदार रवता, ह्याच्यार नाय. ता अजून झाड आसा." मग मला शिडीवरून माळ्यावर नेलं.

माळ्यावर वाडग्यांच्या रांगा होत्या. पण कसले? जाडजूड, ओबडधोबड, कोणी गिऱ्हाईक हातातही घेणार नाही असे. ओल्या लाकडाचा वाडगा आधी असा कच्चाच कातायचा, जाडी व्यासाच्या दहाव्या भागाएवढी ठेवून. दहा इंची असेल तर इंचभर. काठही तेवढाच, बूडही तेवढंच. मग त्याच्याच भुशात पुरून गोणपाटात ठेवायचा आणि नंतर माळ्यावर उपडा घालायचा. तो हवा तसा वाकडा होतो. पुढे त्या जाडीतूनच गोल वाडगा काढायचा. मामांनी एक वाडगा उलटा करून दाखवला. बुडावर शिसपेन्सिलीनं आकड्यांची उतरंड लिहिलेली होती: 1 किलो 520, खाली 1 किलो 310, मग 1 किलो 140, 1 किलो 60. पुढे एका ठिकाणी आकडा वर चढून 1 किलो 75 झाला होता; तो पावसाळ्यातला. मग 1 किलो 10, आणि त्याखाली सारखाच आकडा दोनदा. गावातल्या दुकानदाराच्या काट्यावर ते वेळोवेळी वजन करून आणत. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं. आर्द्रता मोजायचं कुठलंही यंत्र त्यांच्याकडे नव्हतं आणि त्या आकड्यांहून खात्रीचं काही मी कारखान्यातही पाहिलेलं नाही. दीड किलोतलं जवळजवळ एक तृतीयांश वजन नुसत्या पाण्याचं होतं, हे माझ्या डोळ्यांसमोर पेन्सिलीनं मांडलेलं होतं.

त्या माळ्यावर मला माझ्या कारखान्यातल्या वर्षांचं वेगळंच काही दिसलं. आमच्याकडे येणारा माल तयार होऊन यायचा. तो कुठून आला, त्याचं पुढे काय होणार, हे आम्ही कधी विचारलं नाही. जे हातात आहे ते आजच्या मापात बसलं की संपलं. मुलाच्या बाबतीतही मी तसाच वागलो होतो का, असं मनात येऊन गेलं. ते इथे वाढवत नाही.

कच्चे वाडगे कातायला मामांनी मला त्याच फणसाचं लाकूड दिलं. ओंडका उभा चिरून मधला गाभा काढून टाकायचा, कारण चिरा तिथूनच निघतात. उन्हाळा गेला, पाऊस गेला. त्या काळात मी चिंचवडला बसून फोनवर वजनं विचारायचो आणि मामा न कंटाळता सांगायचे. सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी गंजिफांची, म्हणजे हातानं रंगवलेल्या पत्त्यांची, कला मरू दिली नाही, त्यासाठी ते स्वतः एका वृद्ध चिताऱ्याकडून शिकले, असं मामा अभिमानानं सांगत. राजानं शिकायला बसायचं तर जावयाला कसली लाज, असा त्यातला मला उद्देशून असलेला भाग. तो ते बोलून दाखवत नसत.

दुसऱ्यांदा वाडगा लेथवर चढला तेव्हा लाकूड हलकं झालं होतं आणि आवाज बदलला होता. ओल्या लाकडातून लांब चिकट सालपटं निघायची. वाळलेल्यातून बारीक, कुरकुरीत. मामा भिंतीची जाडी आतून अंगठा आणि बाहेरून बोट लावून बघायचे. मी कॅलिपर लावायचो. दोन्हींचा मेळ बसायचा तेव्हा मला आनंद व्हायचा, मामांना नाही.

फिनिशिंग हा सहनशक्तीचा भाग. सँडपेपर ऐंशी नंबरापासून सुरू करायचा, मग एकशेवीस, एकशेऐंशी, पुढे दोनशेचाळीस आणि तीनशेवीस. प्रत्येक नंबरानं आधीच्या नंबराचे ओरखडे काढायचे, नवीन काही करायचं नाही. मधलाच एखादा नंबर गाळला तर तेल लावल्यावर ते ओरखडे उन्हात चमकतात. मशीन बंद करून वाडगा उजेडात धरायचा आणि मगच पुढचा कागद. मग ओल्या फडक्यानं पुसायचं. पाण्यानं रेषा फुगून वर येतात, वाळल्यावर त्या पुन्हा कागदानं काढायच्या. शेवटी मामांनी खालचा मूठभर भुसा उचलून फिरत्या वाडग्यावर दाबून धरला. लाकडाला आपल्याच भुशानं झिलई आली.

खेळण्यांवर मामा लाख चढवतात. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घासण्याच्या उष्णतेनं ती वितळते आणि अंगभर पसरते. वरून केवड्याचं पान दाबून धरलं की तकाकी येते. मला माझा वाडगा तसा लालभडक करायचा होता. मामांनी बाहेर लाख लावू दिली तीही एक कड एवढीच. आत नाही. लाख गरम आमटीला टिकत नाही, मऊ पडते, पांढुरकी होते. आत जवसाचं तेल, हातानं चोळून, पातळ, अनेकदा. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं चालत नाही, कारण ते वाळत नाही आणि काही महिन्यांनी खवट वास मारू लागतं. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्याच कारणानं तेलाचं फडकं चुरगाळून टाकलं तर आतल्या आत तापून पेट घेऊ शकतं. मामा ते दोरीवर पसरून वाळवतात. हे मी सुरक्षा अधिकाऱ्यांच्या कुठल्याही भाषणात ऐकलं नव्हतं.

वाडगा सासूबाईंकडे आहे. त्यात त्या कोकमं ठेवतात.

मामांनी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत, आणि देऊ केले तेव्हा जरा रागावले. मला देता आलं ते एकच. त्यांच्या पटाश्या ट्रकच्या जुन्या पाट्यांपासून बनवलेल्या होत्या; ग्राइंडरवर धार लावताना धारेला निळा रंग चढला की तिचं पाणी उतरतं आणि ती टिकत नाही. हायस्पीड स्टीलचं तसं होत नाही, हे माझ्या पोटापाण्याच्या विद्येतलं. एका ओळखीच्या टूलरूममधून गज मिळवला, त्याला त्यांच्या जुन्या पटाशीच्या वळणाची पन्हळ काढली, धार लावली आणि पाठवून दिली. आठवड्यानं फोन आला.

"हत्यार बरा आसा. धार ऱ्हवता. पण दांडो आखूड झालो."

मी विचारलं, किती लांब हवा, इंचात सांगा.

"कोपरापर्यंत."

"कोणाच्या, मामा? तुमच्या की माझ्या?"

"जो धरतलो त्येच्या," म्हणाले आणि फोन ठेवला. मी बाभळीचा तुकडा घेतलाय. पुढच्या आठवड्यात बायको माहेरी जाणार आहे. मामांच्या हाताचं माप दोरीनं घेऊन ये, असं तिला सांगितलंय.